शेजारचा निळा माणूस

बहरीनच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या सामानात फणसपोळी, कुळथाचं पीठ, सुका बांगडा आणि हातभर लांबीची एक पुठ्ठ्याची नळी होती. बांगड्याचा वास येऊ नये म्हणून तो पाच पिशव्यांत बांधला होता. नळीला कसलाच वास नव्हता, पण घाम तिच्यामुळेच फुटत होता.

नळी माझ्या मित्राच्या आईने दिलेली. मित्र सदानंद, गावात सगळ्यांचा सदो. त्याचे वडील आप्पा गुरुजी या मार्गशीर्षात वारले. सदो तेराव्यापुरता आला आणि परत बहरीनला गेला. जाताना मला म्हणाला, "अंता, एकदा ये थय. माझा घर बघ." महिन्याभराने मी तिकीट काढलं, तेव्हा काकींनी माळ्यावरून ही नळी काढून माझ्या हातात ठेवली. "ह्यां सदाक दी. ह्यांनी सोळा वर्सा जपून ठेवलेल्यानी. मी उघडून बघूक नाय, आणि तूय बघू नको."

मी बघणार नव्हतोच. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. दोनेक हजार नागड्या माणसांचा फोटो. त्यात सदो आहे, आणि मीही.

स्कॅनरच्या पलीकडे पांढऱ्या शर्टातला एक अधिकारी होता. त्याने नळी उचलून हलकेच कानाशी हलवली.

"क्या है?"

"फोटो."

"फोटो? शादी का?"

मी मान हलवली. या फोटोमुळे मोडलेलं एक लग्न मला त्या क्षणी आठवलं, तरीही हलवली. "मबरूक," अभिनंदन करत तो म्हणाला, आणि नळी माझ्या हातात दिली. खोटं बोलायला मला कधीच कष्ट पडले नाहीत, हे वाचकांनी सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेलं बरं.

नईम

सदो राहतो मनामाच्या नईम भागात. जुन्या दुमजली इमारती, खाली दुकानं, गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांचे एसी एकमेकांच्या तोंडावर गरम वाफ सोडतात. कोपऱ्यावरच्या वाण्याला इथे 'कोल्ड स्टोअर' म्हणतात. गल्लीतून नुसता हॉर्न वाजवला की आतला मल्याळी मुलगा सिगारेटपासून कोथिंबिरीपर्यंत काहीही गाडीच्या खिडकीत आणून देतो. आमच्या गावच्या वाण्याकडे हॉर्न वाजवला तर तो आधी तुमच्या वडिलांची चौकशी करील.

दार सदोच्या बायकोने उघडलं. फिलोमिना, वसईची. इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. सदो तिला फिलू म्हणतो.

"या भावजी! तुमचं नाव ऐकून ऐकून माझे कान किटले. आधी पाय धुवा. बांगडा कुठे आहे? वास आला मला."

"पाच पिशव्यांत बांधलाय हो."

"वसईच्या बाईला पाच पिशव्यांनी काय होतंय?"

त्यांची अकरा वर्षांची रिया दारामागून बघत होती. मी म्हटलं, "काय गो, ओळखलंस?" ती म्हणाली, "हाय अंकल." मी मराठीत विचारत गेलो, ती इंग्रजीत उत्तरं देत गेली. दोघांनाही सगळं कळत होतं.

संध्याकाळी सदो हिद्दहून आला. तिथे जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपात तो एसीची कामं बघतो. केस पिकलेत, पण चाल तीच, जहाजाच्या डेकवरची, पाय फाकवून. मी नळी पुढे केली. त्याने पत्त्याचं लेबल पाहिलं. इंग्रजी अक्षर माझं होतं, मी भरलेल्या फॉर्मवरून फोटो पाठवणाऱ्यांच्या मशीनने त्याचीच नक्कल छापली होती. सदोने नळी उघडली नाही. कपाटावर ठेवली, त्यावर रियाचं जुनं दप्तर ठेवलं.

"मागसून बघू," म्हणाला. "चाय घेतलंस?"

खुबुस आणि महियावा

दुसऱ्या दिवशी सकाळी सदो मला बेकरीत घेऊन गेला. खरं तर बेकरी नव्हे, भिंतीत तोंड असलेली भट्टी. आत एक इराणी म्हातारा उशीसारख्या गादीवर कणकेचा पापुद्रा ताणतो आणि हात आत घालून भट्टीच्या पोटाला चिकटवतो. चार श्वासांत फुगलेली, डाग पडलेली रोटी बाहेर. तिला खुबुस म्हणतात. लोक ती वर्तमानपत्रात गुंडाळून काखोटीला मारतात आणि घरी पोचेपर्यंत अर्धी खातात.

सदोने बाटलीतून तिच्यावर चॉकलेटी रंगाचं काहीतरी ओतलं. "खा. काय तां विचारू नको."

खाल्लं. खारट, आंबूस, मोहरी-बडीशेपेचा झणका, आणि त्याखाली मासा. बारीक मासळी मिठात मुरवून केलेला तो महियावा. आमच्याकडे खाऱ्या मासळीच्या पिंपात तळाला जो रस उरतो, तो आपण फेकतो. या लोकांनी त्यात मसाला घालून न्याहारी केली. मी तीन रोट्या खाल्ल्या. म्हातारा भट्टीवाला माझ्याकडे बघून हसला आणि चौथी त्याने पैसे न घेता दिली. "खलास?" त्याने विचारलं. "मफी खलास," सदोने माझ्यातर्फे उत्तर दिलं. नाही, संपलं नाही.

मला हे शहर आवडत गेलं. मोठ्या इमारतींकडे मी फारसं बघितलं नाही. आवडलं ते इथल्या माणसांचं अंग झाकण्यातलं निवांतपण. बायका काळ्या अबायात, पुरुष पायघोळ पांढऱ्यात, आणि त्यात कुठे अवघडलेपण नाही. आम्ही गावाकडे अंग झाकतो ते दुसऱ्याच्या नजरेला भिऊन. इथे ते घराला कुंपण असावं तसं आहे. आत काय, ते ज्याचं त्याला.

आणि तरीही, चहा पिता पिता, माझ्या डोळ्यांपुढे सारखा तो दुसऱ्या बंदरातला धक्का येत होता.

तो इथे सांगून टाकतो.

सोळा वर्षांपूर्वी सदो आणि मी एका प्रवासी जहाजाच्या लाँड्रीत होतो. उत्तर युरोपातल्या एका बंदरात जहाज तीन दिवस थांबलं. धक्क्यावर पोस्टर लागलं होतं: एक छायाचित्रकार हजारो माणसांना विवस्त्र उभं करून फोटो काढणार. कोणीही या, मोबदला म्हणून फोटोची एक प्रत पोस्टाने घरी. सदो म्हणाला, "येडे आसत." मीच त्याला दिवसभर भरीस घातलं. म्हटलं, आपल्याला इथे कोण ओळखतंय? म्हटलं, सदा, आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतले, एक दिवस बिनकपड्यांचे राहू.

पहाटे चारला गेलो. रंगाचे डबे मिळाले. प्रत्येकाने आपल्या अंगाला निळा रंग फासायचा, केसांनासुद्धा. कर्ण्यावरून सूचना आली: घड्याळ, अंगठी, साखळी, काही ठेवायचं नाही. मी सर्वांआधी कपडे काढले आणि कमरेचा करगोटा नखांनी गाठ सोडवून पिशवीत टाकला. सदोने करगोट्याला हात लावला नाही. मदतनीस मुलगी आली, खुणेने म्हणाली, तेही काढा. सदो मला म्हणाला, "तिका सांग, हो कपडो न्हय. हो मेल्यावर तोडतत." मी जमेल तसं सांगितलं. मुलीने खांदे उडवले. मग सदोने तो काळा दोरा उचलून खाली नीट रंग लावला आणि परत सोडला. एवढ्या सोवळेपणाने तो नागडा झाला होता.

या सगळ्यात उशीर झाला, म्हणून आम्ही शेवटच्या रांगेत, कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ. सगळ्यांची पाठ कॅमेऱ्याकडे, तोंडं समुद्राकडे.

लाज वाटली का, असं कोणी विचारील. पाच मिनिटं वाटली. मग फक्त थंडी उरली. माझ्यापुढे एक आजी होती, एका बाजूला शस्त्रक्रियेचा व्रण, त्यावरही तिने प्रेमाने रंग फिरवला होता. चाकांच्या खुर्चीत एक माणूस होता. सुटलेली पोटं होती, बरगड्या होत्या. कोण काळा, कोण गोरा, कोण साहेब, कोण लाँड्रीवाला, काही उरलं नाही. उजाडलं, समुद्र निळा झाला, आणि आम्ही दोन हजार माणसं त्याचाच किनाऱ्यावर आलेला तुकडा. उंच शिडीवरून तो छायाचित्रकार ओरडला तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास धरला. दोन हजार माणसांनी धरलेला श्वास ऐकू येतो. त्यानंतर मी देवळात गेलो, समुद्रावर गेलो, मुलांच्या जन्मावेळी दवाखान्यात उभा राहिलो, पण इतका स्वच्छ मी परत कधी नव्हतो.

पाप त्याच्या आदल्या संध्याकाळी झालं होतं, फॉर्म भरताना.

शुक्रवार, ओहोटी

शुक्रवारी सदोला सुट्टी. त्याने गाडी काढली. मआमीरवरून जाताना रिफायनरीचा वास आत आला, तशी त्याने काच वर केली. पुढे एका उथळ किनाऱ्यावर आम्ही उतरलो. ओहोटी लागली होती. इथला समुद्र मागे सरकतो म्हणजे अक्षरशः निघून जातो. मैलभर ओलसर राखाडी जमीन, मधे मधे गुडघाभर पाणी, आणि त्यात खुंट रोवून केलेली मासे पकडायची कुंपणं. भरतीला मासे आत शिरतात, ओहोटीला वाट सापडत नाही. जाळं नाही, होडी नाही. नुसतं थांबायचं. इतकं शहाणं यंत्र मी पाहिलं नव्हतं.

एक बहरीनी म्हातारा कमरेला लुंगी खोचून कुंपणातले मासे टोपलीत भरत होता. सदोने त्याला सलाम केला, दोघांत चार वाक्यं झाली, आणि म्हाताऱ्याने दोन ठिपकेदार साफी मासे आमच्या हातात दिले.

मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चालत होतो, हातात एक मासा. तो अजून हलत होता. असं काही बोलण्याची ही जागा नव्हे, हे मला कळत होतं. पण सोळा वर्षं मी योग्य जागाच शोधत होतो.

"सदा, तो फॉर्म. तुझा मी भरलेला."

"म्हायत आसा. माझा विंग्लिश कच्चा. परमनंट ॲड्रेस म्हटल्यावर गावचो घातलंस. कोणय घातल्यान असतो."

"पुढचं ऐक. तुझा लिहिला, मग माझा घेतला. गाव लिहिणार, तेवढ्यात डोक्यात आलं, की हा फोटो घरी जाईल. मी माझ्या फॉर्मवर जहाजाच्या एजंटचा, मुंबईचा पत्ता घातला. तुझा फॉर्म माझ्या हाताखालीच होता. खोडला नाही. रांग पुढे सरकत होती, मागचा माणूस घाई करत होता. एक रेघ मारायची होती."

सदो चालत राहिला. पाणी पायांत पचपच करत होतं.

"तुझी प्रत?" त्याने विचारलं.

"एजंटकडे गेलोच नाही आणायला. आजवर मी तो फोटो पाहिलेला नाही."

मला वाटलं, झालं. पण अजून एक उरलं होतं आणि ते जास्त वाईट होतं.

फोटो गावी पोचला तो गणपतीच्या आठवड्यात. घरापुढच्या खळ्यात भजनाची मंडळी बसलेली, त्यांच्यासमोर आप्पांनी नळी उघडली. सगळे निळे, सगळे पाठमोरे, पण नाव सदोचं होतं, आणि एका कमरेला काळी रेघ होती. कोणीतरी भिंग आणलं. कणकवलीच्या मुलीशी ठरलेलं सदोचं लग्न आठवड्यात मोडलं. आप्पांनी फोनवर त्याला एवढंच सांगितलं, "हय येव नको." सदो आमच्या केबिनमध्ये येऊन म्हणाला होता, "घाबरू नको, तुझा नाव मी घेवचंय नाय." घेतलं नाहीच.

"मी सुट्टीवर गावी गेलो," मी म्हटलं. "तिठ्यावर सगळ्यांनी विचारलं, शेजारचो कोण रे? तू नव्हतंस काय? मी म्हटलं, मी ड्युटीवर होतो. शेजारी कोणीतरी गोरा असेल. आणि म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, मी त्याला सांगत होतो, जाऊ नको."

सदो थांबला. हातातला मासा त्याने खाली पाण्यात सोडला. मासा एका अंगावर पडला, मग सरळ झाला आणि गेला.

"ह्यां आप्पांसमोर बोललंस?"

"हो."

"पत्त्याचा माका काय नाय. घाबरलंस. मीय घाबरलो असतंय. पण पयले कपडे तू काढलंस, अंता. माका हाताक धरून नेलंस. आणि थय जावन शाणो झालंस?"

तो वळून गाडीकडे चालू लागला. मी बऱ्याच अंतराने मागून. घरी जाईपर्यंत तो बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी मला चहा दिला, संध्याकाळी भात वाढला, "मीठ?" एवढंच विचारलं. जहाजावर आम्ही सात वर्षं एका केबिनमध्ये होतो. त्याची शांतता मला पाठ होती, ही त्यातली नव्हती.

फिलूवहिनी

रविवारी सदो कामावर गेला. मी बॅग भरू लागलो. फिलूवहिनी नाइट ड्युटी करून नुकत्याच आल्या होत्या, युनिफॉर्ममध्येच खुर्चीवर बसल्या.

"तिकीट परवाचं आहे ना तुमचं? मग आज कसली पळापळ?"

"हॉटेल बघतो."

"बघा की. आणि बांगडा कोण खाणार?" त्यांनी पायातले बूट काढले. "भावजी, पहिल्या भेटीत ह्यांनी मला काय सांगितलं ठाऊक आहे? म्हणाले, माझा एक असा असा फोटो आहे, त्यामुळे घरचे बोलत नाहीत, चालेल का? मी म्हटलं, मी दिवसभर वॉर्डात माणसं बघते. कपडे काढले की मॅनेजर काय, ड्रायव्हर काय, सगळे पेशंट. ह्यात लाजायचं काय? तेव्हा मी विचारलं, एकटेच होता? म्हणाले, हो, एकटाच."

मी हातातल्या शर्टाची घडी परत घातली.

"बायकोलाही नाही सांगितलं तुमचं नाव. मला कळलं शुक्रवारी." त्या उठल्या. "आमच्यात कन्फेशनला मधे जाळी असते. सांगणाऱ्याचं तोंड दिसत नाही, ऐकणाऱ्याचंही. तुम्ही जाळीशिवाय सांगितलंत. ऐकणाऱ्याला वेळ लागणारच. बॅग ठेवा खाली."

बॅग ठेवली. दुपारी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं. जेवताना रिया माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा इज अँग्री विथ यू?" मी म्हटलं, "हो गो. त्याचं बरोबर आहे." ती म्हणाली, "ओके," आणि आपल्या ताटातली भाजलेल्या पापडाची कड मला दिली.

नळी

शेवटच्या दिवशी सकाळी रियाची शाळेची बस गेली आणि सदोने कपाटावरून दप्तर काढलं, मग नळी. जेवणाच्या टेबलावरचा प्लास्टिकचा रुमाल पुसला. फोटो उलगडून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

मी प्रथमच बघत होतो. लाज वाटली नाही. धक्का, पहाट, आणि काठापर्यंत भरलेली निळी माणसं, जणू समुद्राने रात्रीतून उभं राहायला शिकून घेतलं होतं. दोन हजार पाठी. पाठीला किती चेहरे असतात! एक वाकलेली, एक अभिमानी, एक नुकतीच हसलेली. आजी सापडली. खुर्ची सापडली. ज्याने हे मनात आणलं आणि जे अनोळखी लोक एकमेकांवर विसंबून तिथे उभे राहिले, त्यांना हात जोडावेसे वाटले. असलं चित्र गावाने भिंगातून बघितलं, पुरावा बघतात तसं.

शेवटच्या रांगेत काळी रेघ होती. सदो. त्याच्याभोवती लाल बॉलपेनने काढलेलं एक बारीक वर्तुळ.

आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. लाल पेन मरेपर्यंत त्यांच्या खिशात असे.

"आणि ह्यां बघ," सदो म्हणाला.

डावीकडच्या माणसाभोवती दुसरं वर्तुळ होतं. त्याच्या कमरेला काही नव्हतं. पाठ इतर पाठींसारखी. मी विचारलं, "हा कोण?" आणि विचारता विचारता मला त्याची टाच दिसली. डावी टाच जमिनीवरून बोटभर उचललेली.

शाळेत कवायतीला मी असाच उभा राहायचो. आप्पा रांगेमागून यायचे, वेताने टाचेला हलकेच स्पर्श करायचे. "अंता, टाच खाली."

फिलूवहिनींनी मला खुर्ची दिली.

मग सगळं ओळीने आठवलं. दर गणपतीत आप्पा मला गाठायचे. "सदाचो फोन येता काय रे?" मी म्हणायचो, येतो, बरा आहे. त्यानंतरही ते जात नसत. काठीवर हात ठेवून उभे राहात, माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटायचं, म्हातारा खंगलाय, मुलाची आठवण येते. ते उत्तराची वाट बघत होते. सोळा गणपती. त्यांना मुलगा नागडा झाला याचा राग किती काळ राहिला, कोण जाणे. पण ज्याने त्याला नेलं तो समोर उभा राहून खोटं बोलतोय, हे त्यांना दर वेळी दिसत होतं, आणि चूक पोराने स्वतः सांगितल्याशिवाय ते कधीच बरोबरची खूण करत नसत.

"तू एक शब्द बोललो असतंस," सदो हळू म्हणाला, "तर त्यांनी माका बोलावल्यानी असता."

मी हात जोडले तर त्याने ते खाली केले.

"माझ्याकडे बोललंस. झाला. पण हय कोणाक काय पडला नाय. थय बोल. तिठ्यावर."

विमानतळावर तो मला सोडायला आला. मुहर्रकच्या पुलावर गाडी असताना दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी चढत होतं. आत जाताना त्याने खांद्यावर हात ठेवला, पण मिठी मारली नाही. फोटो त्याच्याकडेच राहिला. भिंतीवर लावणार का, विचारलं. "फिलू म्हणता लाव. रिया मोठी झाली की बघू."

तिठ्यावर उभं राहून बोलायचं धैर्य मला आलं नाही. तोंडाने मी आयुष्यभर खोटंच बोललो, लिहिताना तरी हात थांबतो. म्हणून हे लिहिलं, आणि गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी दिलं. ज्यांनी आप्पांच्या खळ्यात भिंग धरलं होतं, ते बरेचसे अजून आहेत, आणि हा अंक ते वाचतात.

तुम्ही विचारलं होतं, शेजारचो कोण? शेवटची रांग, करगोट्याच्या डावीकडचा, टाच उचललेली. तो गोरा नव्हता. त्याला सदोने नेलं नव्हतं, त्याने सदोला नेलं होतं.

तो मी. अनंत.